पाण्यात उतरेल तेवढंच

पहिल्यांदा केला तेव्हा तो चहा झालाच नाही.

मैत्रिणीने दिलेल्या पाकिटात सुकवलेल्या चकत्या होत्या. बोटभर लांब, चिवट, हाताला अगदी हलक्या. एका कडेला लाख फासल्यासारखी तांबूस चकाकी आणि आत बुचासारखा फिकट गर. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘रेशी’ लिहिलेलं, म्हणजे एक औषधी अळंबी. लांबलेल्या तापातून मी नुकतीच उठले होते. अंगात त्राण नव्हतं, जिना चढून आलं की दारापाशीच बसावंसं वाटायचं. आजारातून उठलेल्या माणसाला काहीही पटवता येतं. मी कपात दोन चकत्या टाकल्या, वरून उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि पाच मिनिटांनी तोंडाला लावलं. भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला चव असती तर ती अशीच असती. रंग म्हणावा तर तोही धड नाही. पुन्हा दहा मिनिटं ठेवलं, तरी पाणी ते पाणीच.

फोनवर मैत्रीण हसत सुटली. “अगं, तू त्यांना आंघोळ घातलीस. शिजवायच्या असतात त्या.”

चहा म्हटलं की हात आपोआप कपाकडे जातो, तिथेच फसगत होते. चहाचं पान पातळ असतं, त्यातलं कॅफिन आणि टॅनिन गरम पाणी लागताच बाहेर यायला लागतं आणि तीन-चार मिनिटांत सगळं आटोपतं. बुरशीचं तसं नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीवर असतो तोच पदार्थ. आंरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ साली तो पहिल्यांदा वेगळा केला, तो अळंब्यांतूनच. त्याने नाव ठेवलं होतं ‘फंजिन’. बारा वर्षांनी तोच पदार्थ भुंगेऱ्यांच्या कवचात सापडला, त्याला कायटिन म्हणायला लागले आणि नाव भुंगेऱ्यांचं टिकलं. अळंब्यांच्या वाट्याला श्रेय येता येता राहण्याची ही काही एकच वेळ नसावी.

कायटिन उकळत्या पाण्यात विरघळत नाही. पण त्याच्या विणीत साखरेच्या लांबलचक साखळ्या अडकलेल्या असतात, बीटा-ग्लुकान नावाच्या. औषधी अळंब्यांविषयी जे काही गंभीरपणे बोललं जातं त्यातलं बरंचसं या साखळ्यांभोवती फिरतं, कारण आपल्या रोगप्रतिकारक पेशींवर त्यांना ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. बुरशी अंगात शिरली तर कळावं म्हणून शरीराने ठेवलेली ही राखण. या साखळ्यांचा पाण्यात विरघळणारा भाग बराच वेळ उष्णता मिळाली की सैल होतो आणि बाहेर येतो. त्यात रेशी जातीचीच हट्टी. तिच्या अंगात तीन तऱ्हांचे तंतू असतात: वाढणारे, आधार देणारे आणि या दोघांना जखडून ठेवणारे. म्हणून अळंबी असूनही ती लाकडासारखी कडक होते. अख्खी रेशी एकदा कापायला घेतली होती. सुरी घसरली, अंगठा थोडक्यात वाचला. तेव्हापासून कापलेल्या चकत्याच आणते.

तर, याला खरा शब्द काढा. हा शब्द ‘क्वाथ’वरून आलाय हे मला माहीत आहे, पण माझ्या कानाला तो ‘काढणे’वरून आल्यासारखाच वाटतो. पाण्याने जे काढून घेतलं तो काढा. पाण्याला जे काढता आलं नाही ते चोथ्यात राहिलं. पुढे दोन-तीन वर्षं या विषयाचं जे जे वाचलं, ऐकलं, त्या प्रत्येक दाव्यापाशी मी हाच प्रश्न विचारत आले की हे पाण्यात उतरतं का? या एका प्रश्नाने बराच कचरा बाजूला केला.

माझी रीत आता बसली आहे. दहा ग्रॅम चकत्या, एक लिटर पाणी. आधी तासभर थंड पाण्यातच भिजत ठेवते. मग त्याच पाण्यासकट स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात चढवते. काच किंवा मातीचं भांडंही चालतं. उकळी आली की आच इतकी बारीक करायची की पाण्याचा पृष्ठभाग फक्त थरथरेल, एखाद-दुसरा बुडबुडा वर येईल. अर्धवट झाकण आणि दीड तास. पाणी साधारण निम्म्यावर येतं. ते गाळून घ्यायचं, त्याच चकत्यांवर पाऊण लिटर नवं पाणी घालून पुन्हा तासभर उकळायचं आणि दोन्ही काढे एकत्र करायचे. दुसऱ्या पाण्यात काही उतरत नसेल असं मला वाटायचं, पण त्याचा रंग पाहिला की पहिल्या वेळी आपण किती मागे ठेवलं होतं ते कळतं. तिसऱ्यांदा मात्र नुसती समजूत.

फार उकळलं तर गुण मरतात, असं बजावणारे भेटतात. बीटा-ग्लुकान शंभर अंशांना मोडून पडत नाही. मरतात त्या वासाच्या गोष्टी, कारण त्या उडून जातात. ताज्या अळंबीला जो ओलसर, मातकट वास येतो तो मुख्यतः ऑक्टेनॉल नावाच्या अल्कोहोलचा. गुरांच्या श्वासातही तो असतो आणि डास त्याच्या मागावर येतात. सापळ्यात आमिष म्हणून तो वापरतात. रेशीचा वास याहून निराळा, पावसात भिजलेल्या जुन्या कपाटाचा. दीड तासात तो घरभर होतो, पडद्यांत बसतो.

आणि चव. कडू, पण कारल्याचा कडूपणा नव्हे. हा जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो आणि तिथून बराच वेळ उठत नाही. हा कडूपणा गॅनोडेरिक आम्लांचा, म्हणजे ट्रायटर्पीन जातीच्या रसायनांचा, जी पाण्यापेक्षा अल्कोहोलात जास्त उतरतात. म्हणून कित्येक जण आधी अल्कोहोलात भिजवतात, मग पाण्यात उकळतात आणि दोन्ही अर्क एकत्र करतात. मी ते करत नाही. जेवढा कडूपणा पाण्यात उतरतो तेवढाच मला सहन होतो. काढा कडू लागला नाही तर मात्र शंका घ्यावी. कडू नसलेली रेशी म्हणजे एक तर घाईने उकळलेली, नाही तर रेशीच नव्हे.

या साऱ्यात आई कशी आली ते सांगायला हवं. पातेलं चढलं की ती खोलीतून बाहेर यायची. “काय शिजतंय? चांगलं दिसतंय. मलाही दे.” तिचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त होता, गुडघे, झोप, विसरभोळेपणा अशी मोठी यादी तिच्याकडे तयार होती. पण हृदयाच्या दुखण्यानंतर ती रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते. रेशीमुळे रक्तातल्या बिंबिकांची (प्लेटलेट्सची) एकमेकींना चिकटण्याची ताकद कमी होऊ शकते. गोळीचं काम आणि काढ्याचं काम एकाच दिशेचं झालं तर रक्तस्राव थांबायचा नाही. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन शब्दांत संपवलं, “अजिबात नको.” घरात ज्या माणसाला तो सगळ्यात जास्त हवा होता, त्यालाच तो वर्ज्य.

“वास तरी घेऊ दे,” आई म्हणाली. “वासाने काही रक्त पातळ होत नाही ना?”

तेव्हापासून राखणीचं काम तिच्याकडे गेलं. मी दोनदा पातेलं करपवलं होतं, एकदा तर चकत्यांचा कोळसा झाला होता आणि घर आठवडाभर जळक्या बुचाचं झालं होतं. आईने एक लाकडी उलथनं घेतलं, पाण्यात उभं बुडवलं, ओल जिथवर आली तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि त्याच्या निम्म्यावर दुसरी. घड्याळ बघायची गरज संपली. मांडीवर वर्तमानपत्र घेऊन ती बसते, मधूनच उलथनं बुडवते आणि दुसऱ्या रेघेला पाणी आलं की हाक मारते.

आईला गोष्टी लागतात, म्हणून मी तिला वाचलेलं सांगत असे. इसवी सनपूर्व १०९ मध्ये हान वंशातल्या सम्राट वू याच्या गानच्वान महालात नऊ देठांची ‘ज्झ’ उगवली. लिंगज्झ म्हणजे रेशीचं चिनी नाव, त्यातलीच ही ज्झ. सम्राटाला हा एवढा मोठा शुभशकुन वाटला की त्याने कैद्यांना माफी जाहीर केली. आईने क्षणभर विचार केला. “म्हणजे महालाचं लाकूड कुजलं होतं.” बरोबरच आहे. ही बुरशी जगते ती लाकूड कुजवून. तुमच्या-माझ्या भिंतीत उगवली असती तर कारागीर बोलवावा लागला असता. सम्राटाच्या घरी उगवली म्हणून कैदी सुटले.

चीनच्या सगळ्यात जुन्या औषधिग्रंथात, शेननोंग या दंतकथेतल्या सम्राटाच्या नावावर असलेल्या, सहा रंगांच्या ज्झ नोंदल्या आहेत आणि सगळ्यांना वरच्या वर्गात बसवलं आहे. वरचा वर्ग म्हणजे दीर्घकाळ घेतलं तरी अपाय नाही आणि आयुष्य वाढतं. मला यात एक साधी गोष्ट दिसते. ती फार दुर्मिळ होती. लाकडाच्या भुशावर आणि ओंडक्यांवर तिची लागवड सर्रास व्हायला लागली ती १९७० नंतर. त्याआधी रानात कुजक्या झाडाच्या बुंध्याशी अवचित एखादी सापडायची. जे इतकं कमी सापडतं त्याला अमरत्व चिकटायला वेळ लागत नाही. आता ती पोत्याने मिळते आणि अमरत्व काही उतरलेलं नाही, नुसतं पाकिटावर छापलं जातं.

त्याहून जुना पुरावा बर्फात सापडला. १९९१ मध्ये आल्प्समध्ये, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, हिमनदीतून एक गोठलेला माणूस वर आला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या सामानात चामड्याच्या पट्ट्यांत ओवलेले बुरशीचे दोन गोळे होते. बर्च झाडावर उगवणारी ही अळंबी. त्याच्या आतड्यात जंतांची अंडी मिळाली आणि या अळंबीत जंतांना बाधक द्रव्यं असतात, म्हणून ती त्याचं औषध असावी, असा तर्क काही संशोधकांनी मांडला. आईला हा माणूस फार आवडला. “पोट दुखत असेल बिचाऱ्याचं,” असं ती अजूनही अधूनमधून म्हणते, जणू तो शेजारी राहायचा.

आता दाव्यांकडे. इथे माझा ‘पाण्यात उतरतं का’ वाला प्रश्न कामी आला, आणि इथेच मला सगळ्यात जास्त चीडही आली.

शिताके या जपानी खाद्य अळंबीपासून सुरुवात केली. ‘शिताके कर्करोगावर चालते, जपानमध्ये मान्यता आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की खरंच वाटायला लागलं. मुळाशी गेल्यावर दिसलं की मान्यता शिताकेला नव्हती, लेंटिनानला होती. ते शिताकेतून शुद्ध केलेलं बीटा-ग्लुकान. गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास ते वेगळं काढलं आणि १९८५ मध्ये जपानमध्ये जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीने द्यायला परवानगी मिळाली. द्यायचे कसं? शिरेतून, इंजेक्शनने. तुमच्या कपाचा आणि त्या शिरेचा संबंध दूरच्या भाऊबंदांएवढा.

टर्की टेलच्या बाबतीत नातं जरा जवळचं निघतं. ही पातळ, पट्ट्यापट्ट्यांची, ओंडक्यावर पंख्यासारखी ओळीने उगवणारी बुरशी. हिच्यापासून केलेलं ‘पीएसके’ हे औषध जपानमध्ये १९७७ मध्ये मंजूर झालं आणि ते तोंडानेच घ्यायचं असायचं, दिवसाला तीन ग्रॅम. विशेष म्हणजे ते काढायचेही गरम पाण्यानेच. फरक एवढाच की मूळ बुरशी निवडून वाढवलेल्या एका वाणाचं तंतुजाल, म्हणजे अळंबीच्या बुडाशी पसरलेलं तंतूंचं जाळं, असायचं आणि पाण्यात उतरलेल्या सगळ्या गोष्टींमधून हवं तेवढंच साक्यासारखं खाली बसवून वेगळं केलेलं असायचं. तेही शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या सोबतीला, त्यांच्या जागी कधीच नव्हे. टर्की टेल मी तासभर उकळते. चव जवळजवळ नाहीच, म्हणून कडूपणाला घाबरणाऱ्यांना हीच सोयीची.

लायन्स मेन म्हणजे सिंहाची आयाळ. पांढऱ्या शुभ्र, लोंबत्या काट्यांचा गोळा. अळंबीपेक्षा एखादं लोकरी जनावर वाटावं. आईच्या विसरभोळेपणाची यादी मनात होती म्हणून हिच्याबद्दल मी जरा जास्त वाचलं. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिरोकाझू कावागिशी यांनी हिच्यातून दोन कुळांची रसायनं शोधली, हेरिसेनोन आणि एरिनासिन; प्रयोगशाळेत ती चेतापेशींच्या वाढीला लागणारा घटक तयार व्हायला चालना देतात. माणसांवरचा २००९ चा जपानी प्रयोग प्रसिद्ध आहे. पन्नास ते ऐंशी वयाची, स्मरणशक्ती किंचित मंदावलेली ३० माणसं, १६ आठवडे. अळंबी घेणाऱ्यांचे गुण वाढले आणि घेणं थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. ३० माणसं म्हणजे फार थोडी. पण ते बाजूला ठेवू. त्यांनी घेतल्या त्या सुकवलेल्या अळंबीच्या पुडीच्या गोळ्या होत्या, अख्खी अळंबी पोटात जाणारी. चहा नव्हे. हेरिसेनोन पाण्यापेक्षा अल्कोहोल-तेलाशी मैत्री करणारं. एरिनासिन मुख्यतः तंतुजालात, वर दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्यात नव्हे. म्हणजे अर्धा तास उकळून गाळून घेतलेल्या पाण्यात त्यातलं फारसं येणार नाही. मी ही अळंबी आता उकळते आणि गाळत नाही, पाण्यासकट चावून खाते. हा चहा झाला की जेवण, ते तुम्ही ठरवा.

कॉर्डिसेप्सची कथा सगळ्यात भन्नाट, म्हणून सगळ्यात जास्त विकली जाते. हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर तीन हजार मीटरच्या वर ही बुरशी जमिनीखालच्या सुरवंटाला आतून पोखरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. तिबेटी नावाचा अर्थच ‘उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा’. १९९३ मध्ये चिनी महिला धावपटूंनी एकामागून एक विक्रम मोडले, दहा हजार मीटरचा तर जवळजवळ ४२ सेकंदांनी, आणि त्यांचे प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिलं ते या बुरशीला आणि कासवाच्या रक्ताला. पुढे त्या चमूवर उत्तेजक द्रव्यांचे आरोप झाले, ते जाहिरातीत येत नाहीत. चहासाठी मिळते ती बहुधा तिची लागवडीची बहीण, कॉर्डिसेप्स मिलिटारिस, नारिंगी काड्यांची. सुरवंटाचा संबंध नाही, भातावर वाढवतात. पंधरा-वीस मिनिटांत तिचा सोनेरी, किंचित गोडसर काढा होतो आणि तिचं मुख्य रसायन कॉर्डिसेपिन पाण्यात छान उतरतं. धावून मात्र मी पाहिलेलं नाही.

रेशीवरचा सगळ्यात नीट आढावा मी शेवटी वाचला, कारण वाचायला मन तयार नव्हतं. कर्करोगाबद्दलच्या पाच चाचण्या, मिळून ३७३ रुग्ण, २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने एकत्र तपासल्या. मुख्य उपचार म्हणून वापरावी असा पुरावा नाही. चालू उपचारांच्या जोडीला घेतली तर रुग्णांचा प्रतिसाद थोडा सुधारण्याची शक्यता आहे, पण चाचण्यांचा दर्जा बेताचा. एवढंच. दोन हजार वर्षांची कीर्ती आणि हाती एवढं ओंजळभर.

आणि पाण्यात चांगलं तेवढंच उतरतं असं कुठे आहे?

चागा घ्या. बर्चच्या खोडातून फुटलेला, जळक्या कोळशासारखा काळा गोळा. वरचा काळा रंग मेलॅनिनचा, आत गंजासारखा नारिंगी. रशियात आणि उत्तरेकडच्या थंड जंगलांत त्याचा चहा जुना. चव सौम्य, मातकट, जरा व्हॅनिलाकडे झुकणारी, कॉफी सोडणाऱ्यांना भुरळ घालणारी. मलाही घातली. पण चागामध्ये ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्यांत सापडणारा क्षार, भरपूर असतं आणि ऑक्झलेट पाण्यात उत्तम उतरतं. जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईंची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. यकृताच्या कर्करोगासाठी त्या रोज चार-पाच चमचे चागाची पूड सहा महिने घेत होत्या. मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचले आणि डायलिसिसवर जायची वेळ आली. माझ्या एका चुलत भावाला मुतखड्याचा त्रास आहे. तो हौसेने चागा पीत होता. हे वाचलं त्या संध्याकाळी त्याला फोन करून मी जवळजवळ भांडलेच. “अगं, नैसर्गिक आहे ते,” म्हणाला. मुतखडाही नैसर्गिकच असतो.

रानातून स्वतः वेचणाऱ्यांचं तर मला कौतुकापेक्षा भय जास्त वाटतं. जपान-कोरियात जमिनीतून तांबड्या बोटांसारखी वर येणारी एक बुरशी आहे, अग्निप्रवाळ म्हणावं अशी. कोवळी रेशीही तशीच तांबडी, हरणाच्या शिंगांसारखी असते. लोकांनी ही रेशी समजून आणली, साग्रसंगीत काढा केला आणि काही जण त्यात गेले. तिचं विष उकळून मरत नाही. नुसत्या स्पर्शानेही कातडी सोलवटते. डेथ कॅप या कुप्रसिद्ध अळंबीच्या विषाचंही तेच, तासन्‌तास उकळा, काही फरक नाही. त्यात ती खाल्ल्यावर पहिले सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एक दिवस बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या दिवसात यकृत आतून संपत असतं. मंद आच, धीर, दीड तास, या सगळ्याचं मी गुणगान करते; पण पाण्याला भला-बुरा कळत नाही. जे विरघळतं ते तो कप आपल्यापर्यंत आणून देतो.

विकत घेतलेलं तरी खरं असतं का? २०१७ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. लेबलावर लिहिलं तेच आत असलेली फक्त ५ निघाली. बऱ्याच पुड्यांत अळंबी नसतेच, धान्यावर वाढवलेलं तंतुजाल धान्यासकट दळलेलं असतं. यावर एक स्वस्तातली युक्ती आहे, शाळेतली. अळंबीत स्टार्च नसतो, धान्यात असतो. चमचाभर काढा थंड करून त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. निळाकाळा झाला, तर तुम्ही दळलेलं धान्य उकळताय. (तो चमचा नंतर मोरीत ओतायचा, पोटात नव्हे.) मैत्रिणीने मागाहून आणलेली एक महागडी पूड अशी निळी झाली तेव्हा तिचा चेहरा बघवेना. चकत्या घेण्याचं माझं आणखी एक कारण हेच, चकती खोटं बोलू शकत नाही. निदान तेवढ्या सहज नाही.

एवढं सगळं माहीत झाल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. सगळ्यात आनंदाने करते तो मात्र औषध म्हणून मिरवणाऱ्यांपैकी नाहीच, तो शिताकेचा. सुकलेल्या शिताके रात्रभर थंड पाण्यात. सकाळी तेच पाणी अगदी सावकाश तापवायचं, कारण साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान तिच्यातली विकरं कामाला लागतात आणि ग्वानिलेट तयार होतं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी उमामी चवीशी, म्हणजे रश्शाच्या भरीव चवीशी, याचं नातं दाखवलं. घाई करून थेट उकळलं तर विकरं आधीच मरतात आणि ती चव येतच नाही. सावकाश नेलं तर नुसत्या पाण्याला असं अंग येतं की मिठाची एक चिमूट पुरते. शिवाय एर्गोथायोनिन नावाचं एक अमिनो आम्ल शिताकेत भरपूर असतं. आपलं शरीर ते बनवू शकत नाही, पण ते पेशीत ओढून घ्यायला आपल्याकडे खास वाहक प्रथिन आहे, जणू त्याच्यासाठी दार राखून ठेवलंय. ते उष्णतेने मोडत नाही आणि पाण्यात उतरतं. कच्ची किंवा अर्धीकच्ची शिताके मात्र खाऊ नये. काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे उठतात.

रेशीचा काढा बाटलीत भरून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. रोज संध्याकाळी अर्धा कप, कोमट. माझा थकवा तीन महिन्यांनी गेला. काढा घेतला नसता तर किती महिन्यांनी गेला असता? बहुतेक तीनच. झोप जरा बरी लागते. पण संध्याकाळी दीड तास पडद्याकडे न बघता पातेल्याकडे बघणाऱ्या कुणालाही ती लागेल. डॉक्टरांना मी सांगितलंय, काही महिन्यांनी यकृताची तपासणी करून घेते, कुठल्याही शस्त्रक्रियेआधी हे बंद करायचं हे लिहून ठेवलंय. मैत्रीण विचारते, “मग पितेस कशाला?” मी म्हणते, सवय. खरं तर अजून मला ते नीट सांगता आलेलं नाही.

परवा गावाला जायच्या घाईत उकळलेल्या चकत्या गाळणीतच राहिल्या. चार दिवसांनी परतले तर आई गाळणी हातात घेऊन खिडकीपाशी उभी होती. चकत्यांवर हिरवी, मऊ, मखमली बुरशी आली होती. अडीच तास उकळून, दोनदा पिळून, सगळं काढून घेतलं म्हणून मी ज्या टाकून देणार होते, त्यांच्यात कुणाला तरी अजून बरंच काही सापडलं होतं.

“टाकू?” मी विचारलं.

“थांब,” आई म्हणाली आणि तिने चष्मा लावला.